कुणी न पाहिलेला नवरा

४ फेब्रुवारी

ती. बाबा,

हे पत्र चिमी वाचत असेल. म्हणजे आवाज तिचा, पण बोलणं माझं आहे. उठून जाऊ नका. फोनवर माझं नाव निघालं की तुम्ही ट्रक पुसायला बाहेर जाता, हे आईने सांगितलं. कागद आला की मात्र तुम्ही बसता. परवान्याचा असो की शाळेचा, पूर्ण वाचून होईपर्यंत हलत नाही, आणि शेवटी विचारता, "बास? एवढंच?" म्हणून कागद पाठवते आहे. घरात वाचता येणारी मी पहिली आणि धाकटी चिमी दुसरी. मी इथे आले, म्हणून हे ओझं आता तिच्यावर.

मी नीट पोचले. स्टँडवर सोडायला तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. (म्हणणार नाही असं लिहिलं म्हणजे म्हटलंच, हे मला कळतं.) काकांनी सोडलं. काका सारखे आरशात बघत होते, मागून तुमची गाडी येते का म्हणून. मीही बघत होते.

विमानात शेजारी एक आजीबाई होत्या. त्यांना पट्टा लावता येत नव्हता, मलाही येत नव्हता. दोघींनी मिळून जमवलं. उतरल्यावर त्यांना घ्यायला सगळं घर आलं होतं. मी टॅक्सी घेतली. तुमचं सगळं पाळलं. आधी नंबर बघितला, मग दार उघडलं. ड्रायव्हरच्या थेट मागे बसले नाही, तिरकी बसले, म्हणजे त्याचे हात दिसतात. पासपोर्टची पिशवी मांडीवर ठेवली. "बोलणाऱ्या ड्रायव्हरला भ्यायचं नाही, बोलता बोलता गप्प झालेल्याला भ्यायचं," हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. काकांना सांगताना मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. हा ड्रायव्हर शेवटपर्यंत बोलत होता.

खोली वरच्या मजल्यावर आहे. पलंग, टेबल, बेसिन, एक शेगडी. खिडकीतून मागचं अंगण दिसतं, तिथे कचऱ्याचे डबे आणि कुणाची तरी मोडकी सायकल. आईला सांगा, दाराला आतून कडी आहे आणि साखळीही आहे. घरमालकीण खालीच राहते. तिच्याकडे सगळ्या खोल्यांच्या जादा किल्ल्या एका फळीला टांगलेल्या असतात. स्वभावाने चांगली वाटते.

चिमे, इथे थांब. "बास, एवढंच" असं सांग आणि पुढचं मनात वाच.

टॅक्सीवाल्याने विचारलं, "घरी कुणी आहे का? की एकट्याच?" सहज विचारलं असेल. माझ्या तोंडून निघून गेलं, "नवरा आहे घरी." इथल्या भाषेत मी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य खोटं होतं. ते तिथेच संपलं असतं, पण त्या भल्या माणसाने माझी मोठी बॅग दारापर्यंत आणली आणि घरमालकिणीला म्हणाला, "यांच्या मिस्टरांना बोलवा, बॅग जड आहे." ती म्हणाली, "कोण मिस्टर?" मी दोघांच्या मधे उभी. म्हटलं, "यायचेत. बाहेरगावी कामाला असतात." ती म्हणाली, "अरे वा, मग बरं झालं. एकटी मुलगी म्हणजे मला घोर."

बाबांचं म्हणणं होतं, जायचं तर लग्न करून जा. बघ, विमानतळापासून घरापर्यंतच्या रस्त्यात झालं.

१ मार्च

ती. बाबा,

तुम्ही मागचं पत्र बसून ऐकलंत असं चिमीने कळवलं. मधेच उठला नाहीत. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

आज कामाचं सांगते. तुम्ही पाहुण्यांना "पोरगी दवाखान्यात आहे" म्हणून सांगता. दवाखाना नाही, दातांची प्रयोगशाळा आहे. दवाखान्यांतून माणसांच्या तोंडाचे साचे येतात, त्यात प्लास्टर ओतून जबडे करतात, आणि त्यावर आम्ही दात बसवतो. माझ्या टेबलावर सकाळी जबड्यांची रांग असते. मी एकाही माणसाला बघितलेलं नाही, पण कोण रात्री दात खातो, कोण एकाच बाजूने चावतो, कुणाला जांभई देताना त्रास होत असेल, ते कळतं. दिवसभर सगळे तोंड उघडून बसलेले असतात आणि बोलत कुणीच नाही.

चिनीमातीची पूड पाण्यात कालवून ब्रशने थर चढवायचे, हलकेच ठोकून पाणी वर आणायचं, कागदाने टिपायचं, मग भट्टी. भट्टीत दात आक्रसतो, म्हणून आधीच थोडा मोठा करावा लागतो. रंग मात्र दिव्याखाली ठरवायचा नाही, खिडकीशी जाऊन उजेडात बघायचा. आमच्या मुख्य बाई कडक आहेत. पहिल्या आठवड्यात माझा दात हातात घेऊन म्हणाल्या, "सुंदर आहे. हीच चूक आहे. माणसाचा वाटत नाही." तेव्हापासून मी दातात बारीक खोट ठेवायला शिकते आहे. परवा सरावासाठी तुमचा पुढचा दात केला, स्टिअरिंगवर आपटून कोपरा उडालेला तो. मुख्य बाई म्हणाल्या, "हा खरा." मी सांगितलं नाही कुणाचा ते.

जेवणाखाण्याचं ठीक आहे. थंडी आहे. आईने दिलेलं स्वेटर मी घरातही काढत नाही.

चिमे, थांब इथे.

मी पुरुषाचे बूट विकत घेतले आहेत. जुन्या बाजारातून, मोठे, काळे, टाचा झिजलेले. इथेही सगळे दाराबाहेर पायपुसण्यावर बूट काढतात, आणि माझ्या एकटीच्या चपला तिथे फार एकट्या दिसायच्या. तुला आठवतं का, बाबा लांबच्या फेरीला गेले की आई त्यांचे जुने बूट उंबऱ्यात ठेवायची? आणि तिन्हीसांजेला भांडी घासताना रिकाम्या खोलीशी मोठ्याने बोलायची, "अहो, ऐकलं का, तेवढी खिडकी ओढून घ्या." तू लहान होतीस, एकदा "आई, बाबा कुठेत?" म्हणून विचारलंस तर तिने तुझ्या तोंडावर हात ठेवला होता. बाबांना हे माहीत आहे का? आईला विचारू नकोस.

तर मी तेच करते. बूट कधी सरळ ठेवते, कधी आडवे. पाऊस पडून गेला की बुटांचे तळ ओले करते. रविवारी पॉलिश करते. हसू नकोस. खोटं बोलायचं तर ते नीट बोलावं, अर्धवट बोललं की जास्त लाज वाटते.

समोरच्या खोलीत एक नर्स राहते, माझ्याहून थोडी मोठी, जोरात हसणारी. सुरुवातीला तिने बोलावलं होतं. रविवारी खाली घरमालकिणीकडे सगळ्या भाडेकरू बायका जमतात, पत्ते खेळतात. मी म्हटलं, येते. तेवढ्यात तिची नजर बुटांवर गेली. "अय्या, आलेत का? मग राहू दे बाई, तुमचं चालू दे." तेव्हापासून ती बोलवत नाही. खालचं हसणं पाण्याच्या नळातून वर माझ्या बेसिनपर्यंत येतं. मी नळ सोडत नाही, म्हणजे ऐकू येईल.

१२ एप्रिल

ती. बाबा,

चिमीचा निरोप मिळाला. तुम्ही म्हणालात म्हणे, "पान भरून लिहिलंय आणि पोरगी अर्ध्यात थांबते. पुढे काय पंक्चर आहे?" मला हसू आलं आणि मग रडू आलं. अक्षर येत नसलं तरी कागद किती भरलाय ते तुम्हाला दिसणारच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पंक्चर नाही, बाबा. बहिणी-बहिणींच्या गोष्टी असतात. आईला विचारा, ती सांगेल.

काम वाढलं आहे. आता मला समोरचे दात देतात. ते सगळ्यात अवघड, कारण ते हसताना दिसतात. वर्षाचा करार पुरा झाला की प्रमाणपत्र मिळेल, आणि मग मी आपल्याकडे कुठेही हे काम करू शकेन. आपल्या गावाजवळही करू शकेन. हे मी जाण्याआधी सांगायला हवं होतं. तेव्हा तुम्ही "लग्न" म्हणत होता आणि मी "नाही" म्हणत होते, आणि दोघांनाही दुसरा शब्द सुचत नव्हता.

चिमे, आता थांब, आणि या वेळी लिहिलेली बाजू तुझ्याकडे धर, म्हणजे किती उरलंय ते त्यांना दिसणार नाही.

प्रयोगशाळेत एक माणूस आहे. तयार दात दवाखान्यांत पोचवतो, साचे घेऊन येतो. सगळे त्याला "पार्सल" म्हणतात. वागायला चांगला आहे, असंच सगळे म्हणतील. माझ्या टेबलावर डबे ठेवताना मुद्दाम वेळ लावतो. सुरुवातीला विचारायचा, सोडू का घरी? मी म्हणायचे, नवरा येतो घ्यायला. मग मी स्टॉपवर उभी राहायचे. त्याची व्हॅन त्याच रस्त्याने जाते. रोज तो मला बघायचा, एकटीला, बसमध्ये चढताना.

परवा डबा ठेवताना म्हणाला, "तुझा नवरा फारच लाजाळू दिसतो."

मी म्हटलं, "त्याची पाळी बदलली आहे."

"कुठे कामाला आहे म्हणालीस?"

मागे मी गोदाम सांगितलं होतं की रेल्वे, ते मला आठवेना. मी ब्रश धुवायला उठले. तो हसला. वाईट हसला असं नाही म्हणता येणार. माझं खोटं पकडलं म्हणून हसला, आणि खोटं बोलणारीने दुसऱ्याच्या हसण्याबद्दल तक्रार काय करायची? काल घराच्या कोपऱ्यावर त्याची व्हॅन उभी होती. त्या गल्लीत एकही दवाखाना नाही. मुख्य बाईंना सांगावं असं वाटतं, पण सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल की नवरा नाही. मग त्यांना वाटेल, जी मुलगी एवढं खोटं बोलते, तिचं हे तरी खरं कशावरून.

२९ एप्रिल

ती. बाबा,

चिमे, आज सगळं मोठ्याने वाच. कुठेही थांबू नकोस. मागच्या पत्रांतलं जे गाळलंस, तेही आधी वाचून दाखव. आईला आत पाठवू नकोस, तिलाही बसव.

बाबा, आता तुम्हाला ते सगळं कळलं आहे असं धरून पुढचं सांगते. आधी एवढं ऐका, की मला काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे, माझ्या खोलीत आहे, कुलूप नवीन आहे.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी, अजून उजेड होता, मी कामावरून आले. घरमालकीण जिन्याच्या तोंडाशी माझी वाट बघत होती. चेहरा नुसता फुललेला. म्हणाली, "दिसला ग बाई एकदाचा तुझा नवरा! बिचारा किल्ली विसरला होता. मीच वर जाऊन उघडून दिलं. चहाही दिला."

मी विचारलं, "कसा दिसतो?"

ती हसायलाच लागली. "नवरा कसा दिसतो ते मला विचारतेस?"

बाबा, मला तेव्हा कळलं मी काय करून ठेवलं होतं. मी तीन महिने सगळ्यांना भासवत होते की एक माणूस आहे, तो येतो-जातो. पण त्याला कुणी बघितलं नव्हतं. म्हणजे कुणीही यावं आणि मी तोच म्हणावं.

मी म्हटलं, "मला नवरा नाही."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भांडलात वाटतं. माझा होता तेव्हा मीही हेच म्हणायचे. जा वर, बोल त्याच्याशी."

"अहो, खरंच नाही. तो कोण आहे ते मला माहीत नाही." हेही पूर्ण खरं नव्हतं, कारण कोण असणार ते मला माहीत होतं.

"असं बोलू नये ग. एवढा दमून आलाय." आणि ती मला जिन्याकडे हलकेच ढकलायला लागली. प्रेमाने. त्या क्षणी मी ओरडले असते तरी घरातल्या सगळ्यांनी दारं लावून घेतली असती, कारण नवरा-बायकोच्या मध्ये कुणी पडत नाही. आपल्याकडे पडत नाही आणि इथेही पडत नाही. माझे पाय वर जायला लागले होते, हे मी लपवणार नाही. ती इतक्या खात्रीने सांगत होती की मला वाटलं, आता गेलंच पाहिजे.

तेवढ्यात समोरची नर्स ड्युटीवरून आली. मी तिच्या पर्सचा पट्टा धरला आणि सोडलाच नाही. सगळं उलटसुलट सांगितलं. मला नवरा नाही, कधीच नव्हता, बूट मी बाजारातून आणलेत, वर जो आहे तो आमच्या कामावरचा आहे, मला एकटीला वर पाठवू नका.

ती म्हणाली, "नवरा नाही?"

"नाही."

"आणि मी दोन महिने रेडिओ बारीक करून ऐकते आहे, तो झोपला असेल म्हणून!" मग तिने पर्स घरमालकिणीच्या हातात दिली, बाह्या वर केल्या आणि खालच्या मजल्यावरची दारं एकेक करून वाजवली. "बाहेर या. सगळ्यांनी या. नवरा नाहीये तो."

आम्ही घोळक्याने वर गेलो. माझ्या दाराबाहेर दोन जोड होते. मी आणलेला, आणि त्याच्या शेजारी नीट लावून ठेवलेला त्याचा. त्याने दार उघडलं. मोज्यांवर होता, हातात घरमालकिणीचा कप. माझ्याकडे बघून म्हणाला, "आलीस? किती उशीर." आणि बाकीच्यांकडे बघून असा ओशाळून हसला, जसा रुसलेल्या बायकोचा नवरा हसतो. पुन्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या एकदोघांची पावलं मागे गेली, ती मी बघितली.

मी म्हटलं, "हा पार्सल पोचवतो. आमच्या प्रयोगशाळेत. माझा कुणी नाही." माझा आवाज फार लहान होता. पण नर्सने तेच वाक्य तिच्या आवाजात पुन्हा म्हटलं, आणि मग ते मोठं झालं.

तो म्हणाला, "अरे, गंमत केली. हिनेच तुम्हा सगळ्यांना फसवलंय. मी फक्त हिचं खोटं खरं करून दाखवलं."

बाबा, ते मला लागलं, कारण त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं. पण नर्स म्हणाली, "ती खोटं बोलली ते आम्ही तिच्याशी भांडून घेऊ. तू कप खाली ठेव." आणि त्याने ठेवला. पोलीस येईपर्यंत खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात बसून राहिले, त्याला उतरता येऊ नये म्हणून. घरमालकीण रडत होती. "मी उघडून दिलं ग, मी स्वतः," एवढंच म्हणत होती. तिला धीर मलाच द्यावा लागला.

पोलीस बाईने विचारलं, "नवरा आहे असं का सांगितलंत?" नर्स म्हणाली, "तुम्ही गणवेश घालून फिरता, म्हणून विचारता आहात." पोलीस बाईने पुढचा प्रश्न घेतला.

त्याला कामावरून काढलं आहे, आणि पुढचं पोलीस बघत आहेत. त्याच्या घरी कुणी असेल का, त्यांचं काय, हा विचार माझ्या मनात येतो. मुख्य बाईंना बोलून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "तो विचार त्याने करायचा होता. तू समोरचे दात पुरे कर."

आई, तू आता रडत असशील. तुझ्यावर मी बोट ठेवत नाही. तू उंबऱ्यात बूट ठेवायचीस तेव्हा गावात सगळे बाबांना ओळखत होते. बूट कुणाचे ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ते आज ना उद्या परत येणार हेही. मी फक्त बूट घेतले. तेवढ्याने होईल असं वाटलं.

१६ मे

ती. बाबा,

मागचं पत्र वाचून झाल्यावर तुम्ही "बास? एवढंच?" विचारलं नाहीत, असं चिमी म्हणाली. मग आईला म्हणालात, "मला कधी बोलली नाहीस." आई म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही गाडीवर गेला नसता." आणि तुम्ही ट्रक न पुसता आत जाऊन झोपलात. हे चिमीने मला सांगायला नको होतं असं तुम्हाला वाटेल. तिला रागावू नका.

काका म्हणतात, परत ये. मुख्य बाईही म्हणाल्या, जायचं असेल तर करार मोडल्याचं काही मनावर घेऊ नकोस. मी दोन दिवस बॅग पलंगावर उघडी ठेवली होती. कपडे ठेवायचे, काढायचे. मी परत आले तर सगळे म्हणतील, बघा, एकटी पाठवली. आणि राहिले तर, खरं सांगते, जिना चढताना अजून प्रत्येक पायरीवर मला वरचा कठडा बघावा लागतो. दोन्ही बाजूंनी मोजून बघितलं. मी राहते आहे. हे तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे.

आता मी "एकटी राहते" असंच सांगते. सगळ्यांना नाही. टॅक्सीवाल्याला, दुकानदाराला काहीच सांगत नाही, हसून विषय बदलते. पण या घरात आणि कामावर सगळ्यांना माहीत आहे की मी एकटी आहे, किती वाजता निघते, किती वाजता येते. मला यायला उशीर झाला तर नर्स दार वाजवते, आणि मी नसले तर बसस्टॉपपर्यंत येते. रविवारी खाली जाते. मला पत्ते येत नाहीत, मी हरते, आणि त्या सगळ्या "नवऱ्याला सांग जिंकायला" म्हणून चिडवतात. चिडवू देत. तरी वर आल्यावर खोली मोठी वाटते. ते एवढ्यात जाणार नाही, हे मला माहीत आहे.

काल घरमालकिणीने सगळ्या भाडेकरूंना एकेक करून बोलावलं. आता ती कुणालाही किल्ली देत नाही, देवाने स्वतः येऊन मागितली तरी, असं म्हणते. तिला प्रत्येकीच्या माणसाचा नंबर हवा होता, काही झालं तर कळवायला. माझी पाळी आली. तिने पेन उचललं आणि विचारलं, "तुझं कोण?"

मी म्हटलं, "वडील." तुमचा नंबर सांगितला.

ती म्हणाली, "परदेशातला नंबर बघून उचलतील का? बरेच लोक उचलत नाहीत."

तुम्ही अजून माझ्याशी फोनवर बोलला नाहीत, तरी मी म्हटलं, "उचलतात. पहिल्या रिंगला."

तुमची,
थोरली